तीस फाटकं

फरशीवर लाल पावलं उमटली होती, आणि ती रंगाचीच असणार याबद्दल मिस्त्रीच्या बायकोला तिळमात्र शंका नव्हती. वीस वर्षं ती हा रंग धूत आली होती. लोखंडाला गंज चढू नये म्हणून आधी एक तांबडा हात मारतात. तो रेडऑक्साईड मिस्त्रीच्या नखांत असायचा, कानामागे असायचा, उशीच्या खोळीवर असायचा, आणि एकदा तर दुधाच्या पातेल्यातही सापडला होता. ओलं फडकं घेऊन ती उंबऱ्यापासून पुसत पुसत खाटेपर्यंत आली. हातासोबत तोंडाचा पट्टाही चालू होता.

"पाय पुसून आत या, हे किती वेळा सांगायचं? मला बायको म्हणून आणलं की फडकं म्हणून?"

मिस्त्री डोळ्यांवर आडवा हात टाकून पडला होता. "आज रंगाचा डबा उघडलाच नाही," तो म्हणाला. "दिवसभर नुसतं वेल्डिंग होतं."

तिनं फडक्याकडे पाहिलं, मग त्याच्या उजव्या पायाकडे पाहिलं, आणि तो उचलून उजेडात धरला. तापल्या लोखंडाचा एक थेंब बुटाच्या फटीतून आत गेला होता आणि करंगळीच्या मुळाशी बोटाचं पेर मावेल एवढं भोक पाडून तिथेच थंड झाला होता. सकाळी कधीतरी गेला असावा. त्याच पायावर मिस्त्री संध्याकाळपर्यंत उभा राहिला, दोन ट्रॉल्यांचे सांगाडे जोडले, घरी चालत आला, आणि त्याला पत्ताच नव्हता. आठ वर्षांच्या शुगरनं पावलांची जाण कधीच काढून नेली होती.

"दुखत नाही गं," तो कौतुकानं बघत म्हणाला. पाय शेजाऱ्याचा असावा असं त्याचं बोलणं होतं.

"दुखलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि पाणी तापवायला उठली.

दिवस धंद्याचे होते. कापण्या उरकल्या होत्या, लोकांच्या हातात पैसा खुळखुळत होता, आणि हातात पैसा आला की माणसाला आपल्या घराला फाटक नाही हे आठवतं. शिवाय शाळेचं मोठं फाटक मिस्त्रीकडे आलं होतं. दोन झडपांचं, वर कमान, कमानीत लोखंडी अक्षरं. असं काम पाच वर्षांत एकदा येतं. त्यामुळे गावातल्या दवाखान्यात रोज पट्टी बदलायची आणि बूट चढवून दुकान गाठायचं, असे तीन आठवडे गेले. भोक भरायचं नाव घेईना. उलट कडा काळवंडायला लागल्या. शेवटी गावातल्या डॉक्टरनं हात वर केले आणि शहरातल्या डॉक्टरची चिठ्ठी दिली.

शहर म्हणजे बसनं दोन तास. तिथला डॉक्टर सरळ माणूस होता. त्यानं कागदावर पायाचं चित्र काढून समजावलं. बारीक रक्तवाहिन्या चोंदल्यात, रक्त खाली पोचत नाही, आणि रक्त नाही तर जखम भरणार कशी? एक यंत्र आहे. आत झोपायचं, वाढीव दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन छातीत ओढायचा. तो रक्तात मुरतो आणि रक्ताबरोबर जखमेपर्यंत जातो. तीस सिटिंग. रोज एक, मध्ये खंड नको.

"एका सिटिंगचे किती?" मिस्त्रीनं विचारलं.

डॉक्टरनं आकडा सांगितला. मिस्त्रीनं मनातल्या मनात काहीतरी मोजलं. एवढा आकडा त्याला नुसता कधी समजत नसे, त्याचं लोखंडात रूपांतर करूनच तो घ्यायचा.

"म्हणजे एका फाटकाची मजुरी," तो म्हणाला. "तीस फाटकं. माझं वर्ष झालं, साहेब."

"मला कल्पना आहे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर जखमेवर डोळा ठेवायचा. करंगळी काढावी लागेल, कदाचित शेजारचं बोटही. त्यासाठी सरकारी दवाखान्यात जा. तिथे पैसे पडत नाहीत."

परतीच्या गाडीत मिस्त्री खिडकीशी बसला होता. बऱ्याच वेळानं तो स्वतःशीच हसला. "ऐकलंस का? पाय कापायचा असेल तर फुकट. ठेवायचा असेल तर तीस फाटकं." तिला हसू आलं नाही. ती त्याच्या पायाखाली ठेवलेली पिशवी धरून बसली, गाडीच्या धक्क्यांनी पाय घसरू नये म्हणून.

शाळेच्या फाटकाचा अर्धा पैसा आगाऊ मिळाला होता. त्यावर सात सिटिंग झाले.

यंत्र म्हणजे जाड काचेची लांबलचक नळी. मिस्त्रीला पांढरे सुती कपडे घालून, घड्याळ-अंगठी काढून, फळीवर झोपवून आत सरकवायचे. ती बाहेर बाकावर बसायची. दीड तास तिचा नवरा बरणीत ठेवलेल्या वस्तूसारखा दिसायचा, मधूनच कानाला दडे बसल्यानं जबडा हलवायचा, तिच्याकडे बघून अंगठा दाखवायचा. ती मान हलवायची. आजूबाजूची माणसं चपला पायात ठेवून, पेपर वाचत, निवांत बसलेली असायची. त्यांच्यात बसल्यावर तिला आपल्या टाचांच्या भेगा दिसायच्या आणि ती पाय बाकाखाली ओढून घ्यायची.

यंत्रावरची मुलगी रोज आधी त्याचा पाय पुसून काढायची. "मलम नको, तेल नको, केसालाही काही नको. ऑक्सिजनजवळ स्निग्ध काहीही चालत नाही, पेट घेतं."

मिस्त्री खूश झाला. "बघ! हा तर माझ्या दुकानाचा नियम आहे. तेरा वर्षं मी सिलेंडरच्या तोंडाला ग्रीसचा हात लावू दिला नाही कुणाला." तिथून त्याची आणि त्या मुलीची गट्टी जमली. दाब किती ठेवता, काटा कितीवर जातो, झडप कोणत्या बनावटीची, सगळं त्यानं विचारून घेतलं. हाडाचा कारागीर तो. यंत्र दिसलं की त्याला आपलं दुखणं आठवत नसे.

सातव्या दिवशी तो लघवीला म्हणून इमारतीच्या मागे गेला आणि अर्धा तास आलाच नाही. आला तेव्हा चेहरा भट्टीजवळ बसल्यासारखा लाल झाला होता.

"चल," तो म्हणाला. "पुरे झालं इथलं."

"म्हणजे?"

"मागे ट्रक उभा आहे. आपल्या दुकानात सिलेंडर टाकतो तोच ट्रक, तोच ड्रायव्हर! मला म्हणतो, मिस्त्री, कारखाना एक, नळ एक. तुमच्या सिलेंडरचा खांदा काळा, ह्यांचा पांढरा. अख्खं सिलेंडर भरायला एका बिजागरीच्या जोडीएवढे पैसे पडत नाहीत, आणि इथे माझ्याकडून रोजचं फाटक घेतात!"

"पण डॉक्टर म्हणाले, श्वासातून—"

"श्वास घेतं कोण? छाती. दुखणं कुठे आहे? पायात. पाणी मुळाला हवं, आणि हे शिंपडतात पानांवर. म्हणून तीस दिवस लागतात." त्यानं आवाज खाली आणला. "आणि उरलेली तेवीस फाटकं कुठून आणू, सांग. जागा विकून?"

जागा म्हटलं की ती गप्प व्हायची, हे त्याला माहीत होतं. अकरा वर्षं दुसऱ्याच्या छपराखाली भाडं भरून धंदा केल्यावर दोन वर्षांपूर्वी चौकातली दुकानाची जागा त्यांची झाली होती. जोत्याचे दगड तिनं स्वतः डोक्यावर वाहिले होते. शेजारचा बियाणंवाला ती जागा घ्यायला टपून बसला होता. भेटला की तब्येतीची चौकशी करायचा, आणि चौकशी करता करता त्याची नजर पत्र्यावरून फिरायची.

तिला नवऱ्यावर विश्वास ठेवायचा होता. आणि का ठेवू नये? त्यानं जोडलेल्या टाकीतून कधी थेंब गळला नव्हता.

डबा दोन दिवसांत झाला. जाड पत्र्याचं जुनं पिंप त्यानं मधून कापलं, तळ जोडला, वर झाकण बसवलं, झाकणाला पोटरी मावेल एवढं भोक. भोकाच्या कडेला ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर, त्यावर आवळायला चार क्लॅम्प. एका बाजूला ऑक्सिजनची नळी, दुसरीकडे दाबाचा काटा. आणि दाब फार झाला तर हवा सुटावी म्हणून तिच्या कुकरची शिट्टी.

"आणि मी वरण-भात कशात शिजवू?" ती म्हणाली.

"पाय शिजला की देतो परत," तो म्हणाला, आणि मग दोघंही खूप दिवसांनी हसली.

सांध्यांवर त्यानं साबणाचं पाणी फिरवलं. एकही बुडबुडा नाही. मग कानशीनं कडा गुळगुळीत केल्या, रोज दुसऱ्यांच्या फाटकांना करायचा तशाच, आणि पाय आत घातला.

रोज संध्याकाळी तासभर. पट्टी सोडायची, डॉक्टरनं दिलेलं मलम कोरड्या फडक्यानं पुसून पार काढायचं, कारण ऑक्सिजनजवळ स्निग्ध काही नको. हे काम तिचं. मलम सहज निघत नसे. कधी त्याबरोबर कोवळी कातडीही यायची. चार दिवसांनी मिस्त्री म्हणाला, "रोज लावायचं आणि रोज खरवडायचं, कशाला? लावूच नको." तिनं मलमाची नळी फळीवर ठेवून दिली.

आणि पाय सुधारला! कडांचा काळपट रंग गेला, भोकात तान्ह्या बाळाच्या हिरड्यांसारखा गुलाबी रंग दिसायला लागला. तो सात सिटिंगचा गुण होता हे पुढे कळलं. तेव्हा मात्र मिस्त्रीची छाती दोन इंच फुगली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो बूट काढून पाय दाखवायचा. "तीस फाटकं वाचवली," म्हणायचा. लोक वाकून बघायचे, काट्यावर टिचकी मारायचे, आणि कुकरच्या शिट्टीवरून विनोद करायचे.

त्यातच एक दिवस शिंपी आला. गावात त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याच्याही डाव्या अंगठ्याला नव्या चपलेनं घासून फोड झाला होता, फुटला होता, आणि शुगरमुळे भरत नव्हता. मास्तर म्हणजे बोलायला बसला की मशीन थांबेल पण जीभ थांबणार नाही असा माणूस.

"मिस्त्री, माझ्या मापाचा एक शिवून द्या."

"शिवणं तुमचं काम. मी जोडून देईन."

"मग जोडा. पण अंगाबरोबर बसला पाहिजे, ढगळ नको."

मिस्त्रीनं त्याला डबा करून दिला, वर स्वतःचं जादाचं सिलेंडरही नेऊन दिलं. मजुरी घेतली नाही. मास्तरच्या बायकोला काटा कसा वाचायचा ते शिकवायला मिस्त्रीची बायकोच गेली होती. "लाल खुणेपर्यंत आला की किल्ली बंद," तिनं सांगितलं होतं. सांगताना तिला आपण काहीतरी जाणतो असं वाटलं होतं, आणि ते वाटणं तिला आवडलं होतं.

मिस्त्रीच्या डब्याच्या सतराव्या दिवशी तिनं क्लॅम्प सैल केले, झाकण उचललं, आणि तिला वास आला.

गोडसर, जड वास होता. फळ टोपलीच्या तळाशी विसरून राहावं तसा. मिस्त्रीला तो येणं शक्य नव्हतं. पंचवीस वर्षं लोखंडाचा धूर ओढून त्याचं नाक बाद झालं होतं, करपलेलं अन्नही त्याला कळत नसे. तिचं नाक मात्र तिखट. शेजारच्या घरी दूध उतू जायच्या आधी तिला कळायचं.

पहिल्या दिवशी तिनं रबराला दोष दिला. दुसऱ्या दिवशी रबर साबणानं घासलं, डबा उकळत्या पाण्यानं विसळला, उन्हात पालथा घातला. संध्याकाळी वास पुन्हा होताच. तिनं जखमेकडे नीट पाहिलं. गुलाबी रंग होता, पण त्याच्या खालून काहीतरी राखाडी वर येत होतं.

सांगावं असं तिच्या जिभेवर आलं. पण डबा केला त्या दिवशीच मिस्त्री चारचौघांत बोलून बसला होता, "हा फसला तर दुसऱ्या दिवशी जागेचा सौदा करीन आणि उरलेले तेवीस घेईन. मी शब्दाचा माणूस आहे." आणि होताच तो शब्दाचा. बियाणंवाला ऐकत उभा होता. तिला आपण वाहिलेले दगड आठवले, ते भाड्याचं छप्पर आठवलं, महिन्याच्या एक तारखेला मालक यायचा तेव्हा मिस्त्री कसा आधीच उठून उभा राहायचा तेही आठवलं. दोन दिवस बघू, ती मनाशी म्हणाली. शाळेचं फाटक एकदा उभं राहू दे, उरलेला पैसा हातात येऊ दे. मग सांगू. असं म्हणून तिनं पट्टी नेहमीपेक्षा घट्ट बांधली.

तिसऱ्या दिवशी फाटक बसलं. चार माणसांनी झडपा धरल्या, आणि मिस्त्री भर उन्हात त्याच पायावर जोर देऊन बिजागऱ्या मारत होता. मुख्याध्यापकांनी फाटक एका बोटानं ढकलून पाहिलं. ते आवाज न करता उघडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री घाम पुसत तिच्याकडे बघून हसला, आणि त्याचे दात वाजायला लागले. ऊन एवढं होतं की लोखंडाला हात लावता येत नव्हता, आणि हा माणूस थंडीनं कुडकुडत होता. तिनं बूट काढला. पोटरीवरून एक लाल रेघ वर चढत गेली होती.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर कोवळा पोरगा होता, पण डोळे जाग्रणानं म्हाताऱ्यासारखे झाले होते. त्यानं पट्टी सोडली आणि एक पाऊल मागे सरकला.

"किती दिवस झाले हे असं?"

"आज ताप आला," मिस्त्री म्हणाला.

"तापाचं नाही विचारत. दोन-तीन दिवस आधी आला असतात तर दोन बोटांवर भागलं असतं. आता गुडघ्याखाली काढावा लागेल, आणि आजच." मग तो तिच्याकडे वळला. "बाई, वास येत नव्हता का?"

ती तोंड उघडायच्या आत मिस्त्री बोलला. तापानं त्याची जीभ जड झाली होती, तरी बोलण्यात ऐट होती. "माझं नाक गेलंय, साहेब. पण हिचं नाक असं तिखट आहे म्हणून सांगू! वास असता तर हिनं पहिल्या दिवशी सांगितलं असतं. हिच्या नाकातून काही सुटत नाही."

डॉक्टरनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कागदावर लिहायला लागला. ती खाटेच्या दांड्याला धरून उभी होती. दांड्याचा सांधा कुणीतरी कच्चा मारला होता, तो तिच्या हाताला खरखरीत लागत होता. आत्ता सांग, तिचं मन म्हणत होतं. पण त्याच्या डोळ्यांत तिच्याविषयी एवढा भरवसा होता की तिला तिथेच मरावंसं वाटलं. मग कागद पुढे आला, अंगठा की सही असं कुणीतरी विचारलं, तिनं सही केली.

कापायचे पैसे पडले नाहीत. शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं तसंच झालं.

दोन आठवड्यांनी मिस्त्री घरी आला, आणि आणखी आठवड्यानं, घरात जीव गुदमरतो म्हणून, दुकानात जाऊन बसला. तिनं खुर्ची नेऊन ठेवली. बसल्या बसल्या होईल तेवढं काम तो करायचा, एखादी कडी, एखादी तुटलेली विळी. तो रडला नाही, चिडला नाही. रिकाम्या पायजम्याची गाठ रोज सकाळी स्वतः मारायचा. तिला एक शब्दानं काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. जागा जागेवर होती. पत्र्याखाली सावली होती, आणि त्या सावलीत पाऊल टाकताना तिचा पाय जड व्हायचा.

एकदा तीच म्हणाली, "मास्तरला डबा बंद करायला सांगायला हवं."

"का?" मिस्त्री म्हणाला. "डब्यात काय खोट आहे? माझ्याच रक्तात खोट होती. मास्तरला गुण येतोय, परवाच निरोप आला. त्याचा तरी पाय वाचू दे माझ्या हातानं."

दुपारी त्याचं जेवण झाल्यावर, येते जरा, असं म्हणून ती निघाली.

मास्तरचं घर म्हणजे एकच खोली, आणि अर्धी खोली मशीननं व्यापलेली. मास्तर उजव्या पायानं पायटा मारत होता. डावा पाय बाजूला डब्यात. मांडीवर शाळेच्या निळ्या शर्टांची चळत. त्याची बायको सिलेंडरजवळ जमिनीवर बसली होती, किल्ली हातात, डोळे काट्यावर.

"या वहिनी, या!" मास्तर म्हणाला. "मिस्त्री कसे आहेत? मी यायचा होतो, पण हा तास चुकवायचा नाही ना. एक पाय कमावतोय, एक पाय हवा खातोय. असं सुख राजालाही नाही."

"मास्तर, मशीन थांबवा," ती म्हणाली. "डब्यानं गुण येत नाही."

"कोण म्हणतं? आमचा अंगठा बघा, कसा गुलाबी—"

"यांचाही गुलाबी होता. मला तीन दिवस वास येत होता. मी बोलले नाही."

मशीन थांबलं. मास्तरचा हात शर्टावरच राहिला. त्याच्या बायकोनं मान वर न करता विचारलं, "का नाही बोललात?"

"जागा जाईल म्हणून."

"तुम्हाला जागा तरी होती," मास्तरची बायको म्हणाली. "आमच्याकडे विकायला हे मशीन. मशीन विकून यांचा पाय वाचवायचा, मग त्या पायानं काय चालवायचं?"

मिस्त्रीच्या बायकोनं डब्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "वास येतोय का यांच्या पायाला?"

"छे!" मास्तर म्हणाला. "हिला विचारा. रोज हीच पुसते. काय गं?"

मास्तरच्या बायकोनं नाकाला हात लावला. "मला... मला सर्दी झालीय चार दिवस," ती म्हणाली, आणि पुन्हा काट्याकडे बघायला लागली. काटा हलत नव्हता.

मिस्त्रीच्या बायकोला ते बघणं ओळखीचं होतं. ती पुढे झाली, परक्या माणसाच्या पायाशी गुडघे टेकून बसली, एकेक क्लॅम्प सोडला. "अहो वहिनी, काय हे," मास्तर संकोचानं पाय ओढू लागला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि त्यावर तोंड नेलं. मग मान वळवून मास्तरच्या बायकोकडे पाहिलं. ती बाई डोळ्यांनीच हात जोडत होती.

"आहे," मिस्त्रीची बायको म्हणाली.

"काय आहे?" मास्तर म्हणाला.

"कालपासून आहे," त्याची बायको म्हणाली, आणि किल्ली तिच्या हातातून खाली पडली. "कालपासूनच, देवाशपथ."

"मला का नाही सांगितलंस?" मास्तर ओरडला. "तोंड नव्हतं का तुला? मला का नाही सांगितलंस?"

बायको रडायला लागली. मिस्त्रीची बायको दोघांकडे बघत राहिली. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. विचारला असता, असंच ओरडून विचारला असता, तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. ती उठली आणि सिलेंडर बंद केलं.

"भांडण गाडीत करा. दोनची मिळाली तर संध्याकाळपर्यंत सरकारी दवाखाना गाठाल. अंगठ्यावर भागेल. अंगठ्याशिवाय पायटा मारता येतो. चला, उठा."

दोघींनी दोन बाजूंनी मास्तरला धरलं. तो एका पायानं उड्या मारत, मध्येच कळवळत, मध्येच बायकोला बोल लावत चालला होता. गाडी चौकात थांबायची, आणि चौकात मिस्त्रीचं दुकान. खुर्चीवर बसून तो एका कडीला वेल्डिंगचा रॉड लावत होता. तिघांना बघून त्यानं तोंडावरची काच वर सारली.

"काय झालं? मास्तर, डब्याचा तास आहे ना आत्ता?"

बियाणंवाला आपल्या दारात येऊन उभा राहिला. लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला. तिनं मास्तरचा हात खांद्यावरून काढला आणि भर रस्त्यात नवऱ्यासमोर उभी राहिली.

"मला तीन दिवस वास येत होता," ती म्हणाली. "तुमच्या पायाचा. मला पहिल्याच दिवशी आला होता. मी मुद्दाम बोलले नाही. तुम्ही जागा विकाल म्हणून."

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं. मग मान वर करून त्यानं पत्रा पाहिला, खालचं जोतं पाहिलं, जणू ही जागा कुणाची आहे ते त्याला आठवत नव्हतं.

"गाडी चुकेल तुमची," तो म्हणाला. "आधी मास्तरला पोचव."

त्यानं तोंडावरची काच खाली ओढली आणि कडीवर वाकला. गाडी येऊन थांबली, मास्तरला वर चढवलं, तिनं पायरीवरून वळून पाहिलं. तो तसाच वाकलेला होता. रॉड लोखंडाला टेकलाच नव्हता.